पारबतानं सांगितलं होतं

हातमोजा धड आहे की फाटका, हे पारबता कानानं ओळखायची. धुऊन वाळवलेला हातमोजा मनगटाशी धरून ती गरकन फिरवायची. आत हवा कोंडून पाचही बोटं टम्म फुगली, की तो कानाशी नेऊन डोळे मिटायची. टाचणीएवढं भोक असलं तरी त्यातून सुटणारी हवा तिला ऐकू यायची. "हा बोलका आहे जी," म्हणून तो बाजूच्या बादलीत. जो गप्प राहील तो पास. एकदा आमच्या जुन्या डॉक्टरांनी तिची परीक्षा घ्यायची म्हणून तिनं पास केलेले दहा हातमोजे पाण्यात बुडवून पाहिले. एकातूनही बुडबुडा आला नाही. "आता तरी भरोसा बसला का जी?" पारबतानं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पुढचा हातमोजा उचलला.

भंडारा जिल्ह्यातल्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात मी बाळंतपणाच्या खोलीची इन्चार्ज सिस्टर होते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण यात दोष दवाखान्याचा कमी आणि माझा जास्त. वापरलेले हातमोजे पुन्हा वापरणं कागदावर केव्हाच बंद झालेलं होतं. पण नवी खोकी वेळेवर येत नसत, आणि माझ्या खोलीत हातमोज्यांवाचून एकही बाळंतपण अडलेलं नाही, अशी शेखी मी मीटिंगमध्ये मिरवत असे. ती शेखी पारबताच्या हातांवर उभी होती. ब्लिचिंगच्या पाण्यात हातमोजे बुडवायचे, धुवायचे, दोरीवर वाळवायचे, आतून पावडर मारायची, जोड्या लावून कपड्यात गुंडाळायच्या आणि निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हच्या वाफेत द्यायच्या. मागची कोंदट खोली, एक खिडकी, पावडरीचा धुरळा आणि पारबता. हे सगळं तिचं राज्य.

ती ठेकेदाराकडून आलेली बाई. माहेर आसगावकडचं, सासर दवाखान्याच्या गावातच. घर ढिवराचं, नवरा तलावात जाळं टाकायचा, आणि मोसमात घरचे सगळे शिंगाडे काढायला पाण्यात उतरायचे. उकडलेल्या शिंगाड्यांचा डबा ती आणायची तेव्हा तो आधी मला मिळायचा. बुटकी, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. कळा देणाऱ्या बाईच्या उशाशी उभी राहून "घाबरू नोको माय, मी इतंच आहो" एवढंच म्हणायची, पण ते असं म्हणायची की बाई खरंच शांत व्हायची. मूल बाहेर आलं की त्याचा पहिला सत्कार तिचा. "आलास का रे पावन्या? लय वाट पाहाले लावली!" मला ते आवडायचं, पण मी तोंडावर कधी बोलले नाही. माझा स्वभाव तसा नव्हता. माझ्या नाकावर माशी बसत नसे, आणि त्याला मी शिस्त म्हणत असे.

एका पावसाळ्यात तिनं मला तळहात दाखवले. लाल, भेगाळलेले, बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ. "मॅडम, हातमोजे धुतले का खाज सुटते जी. रातभर खाजवत राहातो."

मी चष्म्यावरून पाहिलं. "ब्लिचिंगनं झालं असेल. हातमोजे घालून धूत जा."

"हातमोजे घालूनच जास्त होते जी."

"मग दोन घाल, एकावर एक," मी म्हणाले, आणि आपण किती झटकन उपाय सांगतो या समाधानात रजिस्टर ओढलं. तिनं माझं ऐकलं. महिनाभर ती रबरावर रबर चढवून रबर धूत होती.

पुढं तिला शिंका सुरू झाल्या. मागच्या खोलीत शिरली की दहा-दहा, वीस-वीस. मग खोकला, मग छातीत शिट्टी. ती मध्येच काम टाकून अंगणातल्या कडुनिंबाखाली जाऊन बसू लागली. एका दुपारी टेबलावर बाई होती, हातमोज्यांचा ड्रम रिकामा होता, आणि पारबता झाडाखाली. मी तिथंच तोंडाचा पट्टा सोडला.

"काहून गं, हवा खाऊन राहिली काय इथं?"

"त्या पावडरीनं दम लागते, मॅडम. बाहेर आली का बरं वाटते. खोलीत गेली का पुना तसंच."

"बरोब्बर! कामात गेली का दम लागते, कामातून सुटली का बरं वाटते. असा दम तर आम्हा सगळ्यांनाच लागतो," मी म्हणाले. व्हरांड्यातल्या बायका हसल्या. पारबता उठून आत गेली.

तिच्या सांगण्यात रोगाचं निदान होतं, अगदी पुस्तकात लिहितात तसं. खोलीत त्रास, बाहेर आराम. बावीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला ते कळू नये? पण मी ऐकत होते ते कामवालीचं गाऱ्हाणं, रोग्याचं नव्हे.

गणपतीत वॉर्डात आरती झाली, प्रसादाला केळी होती. पारबतानं केळं घेतलं आणि शेजारणीच्या हातात ठेवलं. मी पाहिलं. "प्रसाद नाही चालत तुला?"

"केळं खाल्लं का ओठ सुजतात जी, घशात खवखव होते. आधी नोहतं होत. हातमोज्याचं सुरू झालं तवापासून. पपईनंही तसंच होते."

मी सगळ्यांकडे पाहून म्हणाले, "ऐका! हातमोजे घातले हातात आणि सूज आली ओठाला!" पुन्हा हशा. पारबताही थोडी हसली, चारचौघांत आणखी काय करणार? त्याच आठवड्यात मी ठेकेदाराच्या नावानं पत्र लिहिलं. सदर महिला कामात टाळाटाळ करते, आजाराचं सोंग करते, बदली कामगार द्यावा. अक्षर माझं चांगलं आहे. पत्र सुवाच्य होतं.

पारबता गेली. तिच्या जागी आलेल्या बाईला फाटका हातमोजा डोळ्यांनीही ओळखता येत नसे. मग करोना आला, हातमोज्यांची खोकीच खोकी आली, धुण्याचा प्रकार एकदाचा संपला. मी पारबताला विसरले, असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे बाजारात ती मासे घेऊन बसलेली दिसली की मी दुसऱ्या रांगेतून जात असे.

दोन-तीन वर्षांनी एका सकाळी ती दवाखान्यात आली ती रोगी म्हणून. अंगावरून फार जात होतं, चेहरा पांढरा पडला होता. बरोबर कॉलेजात शिकणारी मुलगी होती. तिला बाहेर बसवून मी पारबताला टेबलावर घेतलं आणि हातमोजे चढवले. ती कोपरांवर उठली.

"मॅडम, थे हातमोजे नोका घालू जी. मले सोसत नाही."

"मग काय तसाच हात लावू? पडून राहा गुमान."

मी तिला आतून तपासलं. पाच मिनिटंही झाली नसतील. तिच्या पोटावर, मांड्यांवर गांधी उठल्या, पापण्या सुजल्या, आवाज बसला, आणि छातीतली ती जुनी शिट्टी आता दारापर्यंत ऐकू येऊ लागली. नाडी हाताला लागेना. मी ओरडले. नवे तरुण डॉक्टर धावत आले, त्यांनी एका नजरेत ओळखलं, "ॲड्रिनॅलिन! मांडीत!" मी इंजेक्शन भरलं, दिलं, ऑक्सिजन लावला, पाय उंच केले. माझे हात कापत नव्हते. सवय असते.

डॉक्टरांनी सलाईन लावता लावता विचारलं, "सिस्टर, यांना आधी कधी रबराचा त्रास झालाय? हातमोज्यांचा?"

पारबताचे सुजलेले डोळे फटीएवढे उघडे होते आणि ते माझ्याकडेच होते.

"माहीत नाही, सर," मी म्हणाले.

हे मी का म्हणाले? पत्र फायलीत होतं म्हणून. व्हरांड्यातल्या हशाला साक्षीदार होते म्हणून. एवढ्याशा कारणासाठी मी एका बाईचा जीव टांगणीला लावला. डॉक्टरांना वाटलं, दुसऱ्या कशाचं तरी असेल, बाहेरून घेतलेल्या गोळीचं वगैरे. त्यांच्या हातात तेच हातमोजे होते, माझ्याही हातात तेच. त्याच हातांनी आम्ही तिचा मास्क दाबून धरत होतो. जरा सावरलेली ती पुन्हा खाली जाऊ लागली. तेव्हा पारबतानं हात उचलला. बोलता येत नव्हतं. डॉक्टरांच्या मनगटावरची हातमोज्याची कड चिमटीत धरून तिनं ती ओढली, आणि मान हलवली. नाही, नाही.

डॉक्टरांच्या लक्षात आलं, ते ओरडले, "सगळ्यांनी हातमोजे काढा! खोलीबाहेर टाका!" खिडक्या उघडल्या, हात धुतले गेले, दुसरं इंजेक्शन दिलं. करोनाच्या वेळचं निळ्या हातमोज्यांचं एक खोकं स्टोअरमध्ये पडलं होतं, ते आणलं. ते रबराच्या चिकाचे नसतात. तासाभरानं तिची नाडी ताळ्यावर आली आणि आम्ही तिला भंडाऱ्याला पाठवलं, बरोबर निळे हातमोजे आणि चिठ्ठी देऊन.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांना बसवून समजावलं. रबराच्या झाडाच्या चिकात काही प्रथिनं असतात, ती काहींच्या शरीराला वैरी वाटतात. हातमोज्यांतल्या पावडरीला चिकटून ती हवेत उडतात, श्वासातून आत जातात. आधी खाज, मग शिंका, मग दमा. जितका संबंध अधिक तितकं दुखणं वाढत जातं. केळी-पपईसारख्या फळांत तशाच जातीची प्रथिनं असतात म्हणून तोंड सुजतं. औषधानं हे मुळापासून जात नाही, रबरापासून दूर राहणं हाच उपाय. मी मान खाली घालून ऐकत होते. प्रत्येक वाक्य मी आधी ऐकलेलं होतं, पारबताच्या झाडीबोलीत. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आपल्या सिस्टरांनी अर्ध्या मिनिटात इंजेक्शन दिलं म्हणून बाई वाचली." टाळ्या वाजल्या. मी त्या घेतल्या.

पंधरा दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मग एका रविवारी मी तिच्या घरी गेले. ती अंगणात जाळं विणत होती. तिनं खाट टाकली, चहा मांडायला मुलीला हाक मारली. मी उभ्यानंच सांगून टाकलं. पत्र मी लिहिलं होतं, आणि त्या दिवशी डॉक्टरांशी खोटं बोलले होते.

"मालूम आहे जी," ती म्हणाली. "ठेकेदारानं कागदाची झेराक्स हाती देल्ली होती. पोरीनं वाचून दाखवली."

"मग दवाखान्यात माझ्यासमोर टेबलावर का पडलीस?"

"दुसरा दवाखाना कोनता आहे इतं?" जाळ्यातून मान वर न करता ती बोलत होती. "कामाचं काही नाही, मॅडम. काम तं दुसरंही भेटते. पन थो कागद घरी आला, अन् घरचेही म्हनाले, सोंगच करून राहिली. रातच्याले दम लागला तं नवरा पाठ फिरवून झोपे. मोठ्या सिस्टरनं लिवलं म्हनजे खरंच असन, असं वाटलं सगळ्याइले. मलेही वाटे कधी कधी."

मी रडले. तिनं रडू दिलं. मी माफी मागितली तेव्हा मात्र तिनं सुई खाली ठेवली.

"मले एकटीले कायले सांगता जी? कागद सगळ्याइनं वाचला. तिकडं सांगा, सगळ्याइच्या समोर. मी येतो आयकाले. याले बी घेऊन येतो," तिनं ओसरीवरच्या नवऱ्याकडे बोट केलं.

महिन्यानं डॉक्टरांनी तालुक्यातल्या सिस्टर आणि आशाताईंचं प्रशिक्षण ठेवलं. बोलायचं मी मागून घेतलं. तपासण्याआधी प्रत्येकीला काय विचारायचं ते मी सांगितलं: हातमोज्यानं खाज येते का, फुगा फुगवताना ओठ सुजतात का, केळं-पपई सोसते का. निळे हातमोजे वेगळ्या कपाटात का ठेवायचे, पावडरीचे का नकोत, अशा रोग्याच्या केसपेपरवर मोठ्या अक्षरात काय लिहायचं, तेही सांगितलं. मग मी माझं पत्र वाचून दाखवलं, फायलीतून काढून, शब्दन् शब्द. "सोंग" या शब्दाशी थांबून मी पाणी प्यायले आणि पुढं वाचलं. डॉक्टरांना काय म्हणाले होते, तेही सांगितलं. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मागच्या रांगेत पारबता आणि तिचा नवरा बसले होते. तो जमिनीकडे बघत होता.

मग नवीनच लागलेली एक मुलगी उठली. तिच्या विचारण्यात खवचटपणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मॅडम, त्या बाईंनी तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं?"

मी मनात मोजलं. या एका गोष्टीत तरी खोटं बोलायचं नाही असं ठरवून आले होते.

"चार वेळा," मी म्हणाले.

"पाच वेळा जी, मॅडम," मागून पारबताचा आवाज आला. रागाचा नव्हता, नुसती चूक दुरुस्त करत होती.

तिचं बरोबरच असणार. मी त्या दिवसापासून पुष्कळदा आठवून पाहिलंय. हात, पावडर, केळं, टेबल. पाचवी वेळ मला आठवत नाही, आणि तिला विचारायचा धीर अजून झालेला नाही.