रंग मोजायचं मशीन

रंगाच्या कारखान्यात काम केलं की दोन गोष्टी चिकटतात, डाग आणि किस्से. डाग निदान साबणाने फिके पडतात. किस्से मात्र दर खेपेला सांगताना गडद होत जातात!

दोन हजारनंतरची गोष्ट. भिवंडीजवळ काल्हेरला आमचं डाइंग, म्हणजे कापड रंगवायचा कारखाना; शेठ जवळच्याच अंजूर गावचे. त्यांनी हौसेने रंगाची तीव्रता मोजायचं मशीन आणलं आणि ते चालवायला मला ठेवलं. नळीतल्या द्रावणातून प्रकाश सोडायचा, रंगाने किती गिळला त्याचा आकडा बघायचा. रंग दुप्पट, तर आकडा दुप्पट. इतकं सोपं!

*

पहिल्याच दसऱ्यानंतर नुसत्या पाण्याचा आकडा शून्यावर येईना. पाणी बदललं, नळी बदलली, मी रडकुंडीला आले. शेवटी नळी ठेवायच्या खाचेत बोट घातलं, तर कुंकू! शेठनी मशीनची पूजा आतून केली होती.

"मंग काय, देवाचं नुसतं वरवर करायचं?"

*

रफीकमास्तर आमचे रंगारी. एकदा त्यांनी नळीत कापडाचा तुकडाच कोंबला. आकडा टोकाला!

"मास्तर, प्रकाश पलीकडे जातच नाहीये."

"तो अच्छा है ना, मॅडम! कपडे के आरपार दिखना थोडी चाहिए!"

*

"आकडा वाढवायला रंग कशाला वाया घालवायचा?" शेठ एकदा म्हणाले. "जाड नळी घे की!"

मी हसले. मग विचार केला. प्रकाशाला रंगातून जास्त लांब जावं लागलं, तर आकडा खरंच वाढतो! त्या संध्याकाळी याच विचारात मी रिक्षावाल्याला भलताच पत्ता सांगितला; लांबचा फेरा पडला आणि भाड्याचाही आकडा वाढला!

*

एक दिवस शेठनी दोन बाटल्या आणल्या. एकीत लाल रंग, दुसरीत तोच, दुप्पट दाट. मशीनने दोन्हींना एकच, टोकाचा आकडा दिला.

"आंधलं हाय हे! उद्या परत धाडतो."

मशीन गेलं की माझी नोकरी गेली, आणि घरात पगार माझा एकटीचा.

"शेठ, रंग फार दाट आहे. दोन्हीकडे जवळपास सगळाच प्रकाश अडतोय. पाणी घालू?"

"पानी? भेसळ करतेस?"

मी दोन्हींत सारखंच, भरपूर पाणी घातलं. दुसरीचा आकडा बरोबर दुप्पट आला!

शेठनी दोन्ही आकडे बोट लावून पुन्हा वाचले.

"म्हंजे पानी घातल्यावर याला दिसाया लागलं?"

"हो."

"मशीन राहील. तू पन राहशील, पोरी."

मला रडूच फुटलं. शेठ दाराकडे वळून ओरडले, "मास्तर! गिऱ्हाईक रंग फिका बोलता है ना? कल से टाकी में भी भरपूर पानी डालो!"