न केलेली प्लेट

मायक्रोस्कोपवर तळहात आडवा ठेवून आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणायच्या, "आधी न केलेली." म्हणजे ज्या पेशींना आपण काहीच केलेलं नाही, त्यांची प्लेट आधी बघायची. तोवर केलेली प्लेट कुणालाही बघू द्यायच्या नाहीत.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांचं काम घरीदारी त्यांच्या मागे फिरतं. आमच्या एका सहकाऱ्याचे दोन्ही गुडघे दुखायचे; त्याने एकाला कसलंसं तेल लावलं आणि आठवडाभर त्याचे गोडवे गायले. मॅडमनी चहा पिता पिता विचारलं, "आणि न लावलेला गुडघा?" तोही बरा झाला होता. तेलाचा विषय तिथेच संपला.

मॅडम सुरगाण्याकडच्या. धाकट्या भावाला सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. सांधे धरले की तो दिवस दिवस अंथरुणात. पोटातल्या बाळाच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं आणि जन्मानंतर त्याचं जनुक झोपी जातं. ते पुन्हा जागं झालं तर लाल पेशी वाकड्या होणं कमी होईल, एवढ्यासाठी आमचा खटाटोप. क्रिस्पर म्हणजे जनुकं कापणारी कात्री, पण आमच्या कात्रीची धार काढून टाकलेली. ती नेमक्या जनुकापाशी जाऊन नुसती बसते आणि सोबत नेलेलं प्रथिन त्या जनुकाला कामाला लावतं. ज्या पेशीत ते जागं होतं, ती आम्ही घातलेल्या रंगाने हिरवी चमकते; बाकीच्या काळ्या दिसतात. मी निफाडचा, द्राक्षबागेत वाढलेला. बोथट कात्रीचं मला भलतंच नवल वाटायचं. मॅडम म्हणायच्या, "तुमच्या बागेत नका नेऊ, सगळे घड तसेच राहतील."

त्या एकदाच चुकल्या. केलेली प्लेट आधी पाहिली, ती हिरवी चमकली, आणि त्यांनी थेट फोन लावला. "भाऊ, जागं झालं रे ते." मग न केलेली पाहिली. तीही तशीच हिरवी. जादा रंग नीट धुतला गेला नव्हता. त्यांनी पुन्हा फोन लावला. "नाय रे झालं. माझंच चुकलं."

"आईला सांगून बसलो ना ताई," भाऊ म्हणाला.

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. पुढे भावाला प्रयोगातलं अवाक्षरही सांगितलं नाही. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

निवृत्त होऊन त्या गावी गेल्या. परवा मी प्लेटा काढल्या. आधी न केलेली. मिट्ट काळी. मग केलेली, तर सगळीकडे हिरवे ठिपके. पुन्हा धुऊन पाहिलं, तरी तेच. मी फोन लावला तो भावाने उचलला.

"ताई खाली खाचरात हाय. काय सांगू?"

बातमी अगदी ओठांवर आली होती. ती गिळली. "एवढंच सांगा, न केलेली काळी आहे."

"काळी? बरं." त्याने तिथूनच हाक दिली, "ताई, न केलेली काळी हाय म्हनं."

खाचरातून कुणीतरी धावत वर आल्याचा आवाज आला. मग मॅडम फोनवर आल्या. "परत एकदा करून बघा," म्हणाल्या.

"काय काळं गं ताई?" मागून भाऊ विचारत होता.

"काय नाय रे. जेवून घे तू," त्या म्हणाल्या, आणि फोन बंद करायचं विसरल्या. मीही तो कानालाच धरून ठेवला. पलीकडे ताट वाढल्याचा आवाज येत होता.