दाजीबाची लाईन

"मास्तर, तुमचा हवालदार गेला." मेढ्याच्या मोटारीचा ड्रायव्हर शाळेच्या फाटकाशी मुद्दाम थांबून सांगून गेला. चार दिवसांचा ताप, बस्स... त्याला आता दीड महिना झाला. दाजीबावर लिहायला बसलो की आधी हसू येतं, आणि हसू ओसरलं की माझी चोरी समोर उभी राहते. आज दोन्ही सांगून टाकतो.

दाजीबा माझा मेढ्याच्या शाळेतला सोबती. चौथीनंतर मी साताऱ्याला शिकायला आलो आणि पुढं इंग्रजीचा शिक्षक झालो. तो पलटणीत गेला, हवालदार झाला. लढाईहून परतला तो लंगडत, पण चेहऱ्यावर जत्रेहून आल्याचा आनंद. सोबत एक इंग्रजी शब्द आणला होता, 'लाईन'. इटलीतल्या इस्पितळात पडल्यापडल्या त्याला नवल वाटलं होतं की साहेब मोर्च्याला लाईन म्हणतो, कपडे वाळत घालायच्या दोरीला लाईन म्हणतो, आणि घरी चार शब्द लिही म्हणायचं तरी 'एक लाईन टाक' म्हणतो. गावी आला तर इथंही तेच! रेशनच्या दुकानापुढं लाईन, सातारा रोडला आगगाडीची लाईन, पोलिसांच्या खोल्या म्हणजे लाईन, आणि मुलगी सांगून आलेला पाहुणा विचारतोय, "पोरगा कुठल्या लाईनीत हाय?" दाजीबा हे सगळं वहीत उतरवायचा, कोण बोललं, कुठं बोललं, तेव्हा त्याच्या हातात काय होतं, तेसुद्धा. कुणी नवी लाईन बोललं की भर बाजारात त्याचा हात धरून ठेवायचा, लिहून होईपर्यंत सोडायचा नाही.

"अरे, हे सगळं डिक्शनरीत आहे," मी एकदा म्हटलं.

"डिक्शनरीत कोन बोललं त्ये असतंय व्हय रं?"

पुढं शुद्धलेखन तपासायला म्हणून ती वही त्याने माझ्याकडं दिली. त्याच महिन्यात सांगलीला शिक्षकांच्या मेळाव्यात मला भाषण होतं आणि विषय सुचत नव्हता. मी ती वही जवळजवळ जशीच्या तशी वाचली. दाजीबाचं नाव घेतलं नाही. सभागृह खदखदून हसत होतं. अध्यक्षांनी विचारलं, "इतकं जमवलंत कसं?" मी म्हणालो, "निरीक्षण." ...आणि मागच्या बाकावरून ओळखीचा आवाज आला, "गुरुजी, एक ऱ्हायली!"

माझं भाषण ऐकायला तो पहाटेच घरून निघाला होता. मला ठाऊक नव्हतं. मी वही मिटली. तो उभा राहिला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "इस्पितळातली नर्सबाई म्हनायची, हवालदार, कपाळावर लय लाईनी आल्यात, हसत जावा. आत्ता गुरुजींचं कपाळ बघा की!" सगळे माझ्याकडं बघून हसले. सर्वांत मोठ्यानं तो हसला.

परतीच्या गाडीत त्याने भडंगाचा पुडा उघडला. मी म्हणालो, "दाजी, ते भाषण..."

"ब्येस झालं! माझ्या तोंडनं कोन ऐकून घ्येनार हुतं? खा."

मी खाल्लं. माफी मागायची राहिली ती राहिलीच. तो विषय काढत नव्हता आणि मला ते सोयीचं होतं.

मागच्या आठवड्यात मेढ्याला गेलो. त्याच्या बायकोला, सरूवहिनींना, सगळं सांगितलं. त्या पदरानं डोळे पुसत हसायला लागल्या.

"आवं भावजी, तवाच ठावं हाय. घरी येऊन म्हनले, आपली वही म्हंजी आपलं पोरगंच, आज मास्तराच्या खांद्यावर बसून सांगली बघून आलं. गावाला आठ दिस त्येच सांगत हुते."

मग त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. खाटेजवळच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेलं होतं. वर ठळक 'पास', आणि खाली त्याच्या तिरप्या अक्षरात, पोरगं पास झालं, बसचा पास, शिपायाच्या रजेचा पास... पंधरा-सोळा तरी असतील, प्रत्येकापुढं बोलणाऱ्याचं नाव.

"तुमच्या पुढल्या भाषनाला लागतील म्हनून जमवत हुते. आता चुना द्यायचा हाय, पन मन हुईना."

मी खिशातला कागद काढला, खाली बसलो आणि सगळं उतरवून घेतलं. पण पहिली ओळ भिंतीवर नव्हती, ती मी माझ्या मनानं घातली: 'जमवणारा, हवालदार दाजीबा, मेढा.' वहिनींना ती वाचून दाखवली.

"आता द्या चुना," मी म्हणालो.