क्लचमास्तरांचा मोठेपणा

गाडी शिकवणाऱ्याला नम्र राहून चालत नाही, असं क्लचमास्तर म्हणायचे, आणि या बाबतीत त्यांनी स्वतःला कधी त्रास करून घेतला नाही. औषधाच्या दुकानाला लागून त्यांचा क्लास होता. एक अरुंद खोली, टेबलावर स्क्रूने बसवलेलं जुनं स्टिअरिंग आणि भिंतभर फोटो. प्रत्येक फोटोत लायसन्स छातीशी धरून हसणारा कोणीतरी, आणि त्याच्या शेजारी, जणू लायसन्स यांनाच मिळालंय अशा थाटात, मास्तर. शिकणारा गडबडला की ते "क्लच!" म्हणून असे ओरडत की समोरचा वाणी वजन करायचा थांबे. नाव पडलं ते त्यावरून.

आपल्या हाताखालून गेलेला माणूस रस्त्यावर चुकतच नाही, ही त्यांची श्रद्धा. कोणी धडकल्याची बातमी आली की "आमच्याकडचा नसणार" म्हणून मोकळे व्हायचे. चुकून आमच्याकडचा निघालाच तर दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो भिंतीवरून गायब. असे चार-दोन चौकोन भिंतीवर पांढरे राहिले होते, पण त्याबद्दल विचारायची कोणाची छाती नव्हती.

त्या दुपारी ते क्लासची गाडी घेऊन एकटेच घरी चालले होते. चौकात सिग्नल हिरवा होता. ते निघाले, आणि उजवीकडून लाल सिग्नल तोडून एक पांढरी गाडी आली ती थेट यांच्या दारावर. मास्तरांचा डावा पाय पेडलांच्या बेचक्यात अडकला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पांढऱ्या गाडीतून उतरला एक तरुण फर्निचरवाला, गेल्याच वर्षी मास्तरांकडून पास झालेला. लागलं का, हे त्याने विचारलं नाही. "सर, तुम्ही?" म्हणाला आणि केविलवाणा उभा राहिला.

बघे जमलेच. त्यातल्या एका रिकामटेकड्याने फर्निचरवाल्याला विचारलं, "गाडी कुणाकडे शिकलास रे?"

बस्स. पायाची कळ मस्तकात गेली होती, पण हा प्रश्न त्याहून वर गेला. फर्निचरवाल्याने तोंड उघडायच्या आत मास्तर म्हणाले, "चूक माझी आहे. माझं लक्ष नव्हतं." पोलीस आला, त्यालाही हेच सांगितलं, आणि त्याने लिहून घेतलेल्यावर झोकदार सहीसुद्धा ठोकली. फर्निचरवाल्याने त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, सर, तुमच्यासारखा माणूस होणे नाही. मास्तर हरभऱ्याच्या झाडावर चढले ते लंगडतच घरी पोचले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण हात दाखवणाऱ्याला ते कधी कळलंय?

बायकोने सुजलेला पाय पाहिला आणि तडक धाकट्या बहिणीला फोन लावला. मेव्हणी वकील होती, अपघाताचे खटलेच चालवायची. मास्तरांचं आणि तिचं फारसं जमत नसे, कारण ती गाडी दुसऱ्या क्लासात शिकली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं. नुसता पत्रा घासला असता, माणसं धडधाकट असती, तर तुमचं तुम्ही मिटवा, मला विचारूही नका, असं मीच म्हटलं असतं. पण इथे पाय सुजलाय आणि पोलिसांपुढे भलतंच बोलून झालंय. अशा वेळी वकील आधी लागतो, सगळं बुडाल्यावर नाही. आजच पायाचा एक्स-रे काढा. चूक कोणाची यावर यापुढे कोणाशी अवाक्षर बोलू नका. सकाळी आपण जाऊन जबाब दुरुस्त करू आणि चौकातल्या कॅमेऱ्याचं चित्रण मागून घेऊ, थोड्या दिवसांत ते पुसून टाकतात.

मास्तरांनी फोन हातात घेतला आणि म्हणाले, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." आणि ठेवून दिला. ही म्हण शहाण्यांसाठी आहे, एवढी साधी गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही.

पाय त्यांनी स्वतःच पट्टीने आवळला आणि मुरगळलाय म्हणून गावभर सांगितलं. महिना उलटला तरी लंगडणं जाईना. मग एक दिवस चढावावर शिकाऊ बाई गोंधळली, गाडी मागे घसरायला लागली. मास्तरांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होते. ते नेहमीप्रमाणे ओरडले, पण डावा पाय क्लचवर दाबेचना, आणि कळ अशी उठली की उजवा ब्रेकवर जायचाच राहिला. हँडब्रेक ओढेपर्यंत गाडीने मागची हातगाडी चेपली होती. हातगाडीवाला बाजूला उभा होता म्हणून वाचला. त्या दिवशी पहिल्यांदा मास्तरांना भीती वाटली. डॉक्टर म्हणाले, हाड मोडलं होतं, आता वाकडं जुळलंय, ऑपरेशन करावं लागेल. पाय पूर्ववत होईल याची खात्री नाही, आणि तोवर शिकवणं बंद.

त्याच आठवड्यात वकिलाची नोटीस आली, फर्निचरवाल्याच्या. त्या केविलवाण्या पोराने अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी वकील गाठला होता. त्याची मान दुखत होती, गाडी मोडली होती, आणि चूक मास्तरांची असल्याचं खुद्द मास्तरच सांगत होते. त्याला अजून काय पाहिजे?

मास्तर मेव्हणीच्या ऑफिसात गेले ते बायकोच्या खांद्याचा आधार घेऊन. मेव्हणीने टोमणा मारला नाही, याचंच त्यांना जास्त लागलं. कॅमेऱ्यातलं चित्रण कधीच पुसलं गेलं होतं. केस लढता येईल, ती म्हणाली, पण तुमचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे तुमचाच जबाब. तो खोटा होता, हे तुम्हाला न्यायाधीशांपुढे उभं राहून कबूल करावं लागेल. सिग्नल लाल असताना तो घुसला, हेही. पाय, क्लास, सगळं यावरच आहे. सांगाल ना?

मास्तरांनी आखडलेला पाय हाताने सरळ केला. मग घसा साफ करून म्हणाले, "सांगेन. फक्त तो माझ्याकडे शिकलाय, हे तेवढं नको निघायला."

बायकोने कपाळाला हात लावला. मेव्हणीने नोटिशीचं पहिलं पान उलटून त्यांच्यापुढे सरकवलं. "भावजी, त्याने सुरुवातच तिथून केलीय. हा माणूस कशी गाडी चालवतो हे मला ठाऊक आहे, म्हणतो, मी याच्याकडेच शिकलो."