लोण्यासारखं सरकणारं पान

आमच्या ऑफिसात त्याला सगळे लोणी म्हणायचे. त्याने बनवलेल्या वेबसाइटचं पान बोट लावताच असं अलगद सरकायचं की बघणाऱ्याच्या तोंडून आपोआप "वा" निघावं. मला म्हणायचे कटकट, कारण माझं कामच ते, दुसऱ्यांनी बनवलेल्या पानांत खोट काढायची. टेबलं शेजारी शेजारी, त्यामुळे लोणी आणि कटकट ही जोडी चहाच्या वेळी सगळ्यांच्या तोंडी असायची. आता मी त्याच्याशी कामापुरतंही बोलत नाही. का बोलत नाही, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माणूस तसा साधा. डबा, चष्मा, आलटून पालटून तेच ते शर्ट. वेड एकच. पानावरची लिंक दाबली की पान धाडकन खाली जाऊन आदळतं, ते त्याला बघवायचं नाही. "माणसाला कुणी असं ढकलतं का?" म्हणायचा आणि जावास्क्रिप्ट घेऊन बसायचा. निघताना हळू, मध्ये थोडा वेग, थांबताना पुन्हा हळू. मान तिरकी करून तेच तेच बघत अख्खी दुपार घालवायचा. त्याची दुसरी कारागिरी म्हणजे पहारा. पानाचा कुठला तुकडा वाचणाऱ्याच्या स्क्रीनवर आत्ता दिसतोय, हे कोडला ओळखता येतं. तुकडा खालून डोकावला की पहारेकरी जागा होतो, मग चित्र उमलवायचं की आणखी काही करायचं ते आपण ठरवायचं. सरकवणं आणि पहारा, या दोन गोष्टींपुढे त्याला जग दिसत नसे.

दिसायची ती एक त्याची ताई.

आई गेली तेव्हा हा शाळेच्या वयाचाही नव्हता. ताईने स्वतःची शाळा सोडली आणि धुलाईच्या कारखान्यात लागली. दवाखान्यांच्या, लॉजच्या चादरी तिथे धुवायला येतात. ताई इस्त्रीच्या हॉलमध्ये. गरम रुळातून चादर बाहेर आली की दोघींनी दोन टोकं धरायची, झटकायची, घडी, परत घडी. ताई कामाला उभी राहिली की हा तिथल्या ऊबदार चादरींच्या ढिगावर झोपून जायचा, असं तीच सांगायची. तिच्या मनगटांवर रुळाच्या चटक्यांचे जुने डाग आहेत. लग्न केलं नाही. "याला मोठं करता करता माझंच वय झालं," असं हसून म्हणायची, आणि त्यात कुरकुर नसायची. मोबाइल तिला फोन घेण्यापुरताच यायचा. तरी नवीन पान झालं की लोणी आधी तिच्यापुढे धरायचा. ती बोट लावायची, पान सरकायचं, आणि ती म्हणायची, "पुन्हा दाखव." तेवढं ऐकायला हा बाबा दिवसचे दिवस राबायचा. मी त्यांच्या घरी जेवायला गेले की हे बघायचे आणि मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. माझ्या कामाला पुन्हा दाखव म्हणणारं कुणी नव्हतं.

मग नेमकं त्या कारखान्याचंच काम आमच्याकडे आलं.

त्यांना कामगारांसाठी नोकरीच्या नव्या अटींचं पान हवं होतं. प्रत्येकाने ते आपल्या मोबाइलवर उघडायचं आणि तळाशी 'पोचलं' हे बटण दाबायचं. शिवाय कुणी कुठली अट बघितली याची पक्की नोंद हवी होती. अट स्क्रीनवर आली की त्या माणसाच्या नावापुढे 'पाहिली' असं आपोआप उमटलं पाहिजे, आणि सगळ्या अटी पाहून झाल्या की नाव हिरवं झालं पाहिजे. लोणी हरखून गेला. "ताईच्या हातात माझं काम जाणार," म्हणाला. तिच्या डोळ्यांना ताण नको म्हणून अक्षर मोठं केलं. अक्षर मोठं झालं तसं पान लांबलं, म्हणून अगदी वर एक बटण दिलं, 'शेवटी जा'. दाबलं की सगळं पान डोळ्यांपुढून सरकत तळाशी.

पान तपासायला माझ्याकडे आलं. अटींच्या जागी तेव्हा नुसता भरताड मजकूर होता, खरा मजकूर कारखाना नंतर भरणार होता. मी 'शेवटी जा' दाबलं. पान सुरेख सरकलं. नोंद उघडून बघते तर प्रत्येक अटीपुढे 'पाहिली'.

"अरे लोणी, हे काय? मी एक अक्षर वाचलेलं नाही."

"स्क्रीनवरून गेलं ना?"

"गेलं म्हणजे वाचलं का? अट थोडा वेळ स्क्रीनवर थांबली तरच मांड."

"एवढंच ना," म्हणाला आणि तिथल्या तिथे करून दिलं. मला बरं वाटलं. पण साहेबांनी ते बघितलं आणि म्हणाले, "गिऱ्हाईकाला सगळी नावं हिरवी हवीत. हे थांबणंबिंबणं काढून टाक." लोणीने मान डोलावली आणि काढून टाकलं. साहेबांपुढे त्याची मान नेहमी एकाच दिशेला हलायची.

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. "बरं, मग निदान ते बटण दाबल्यावर पान सरळ तळाशी ने. सरकवू नकोस. मधल्या अटी स्क्रीनवर येणारच नाहीत, त्यांची नोंदही होणार नाही. याला साहेबांना विचारायचीसुद्धा गरज नाही, हे तुझ्या हातात आहे."

मी त्याच्या ताटात थुंकल्यासारखं त्याने माझ्याकडे बघितलं.

"धाडकन आदळू? ताईपुढे?"

"तुझ्या ताईच्याच नोकरीच्या अटी आहेत त्या. मधे काय लिहिणार आहेत ते ठाऊक आहे का तुला?"

"मजकूर गिऱ्हाईकाचा, कटकट. माझं काम सरकवायचं."

मी खोट लिहून दिली. साहेबांनी तिच्यापुढे 'किरकोळ' असा शेरा मारला आणि पान कारखान्याला गेलं.

पुढचं मला ताईने सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत हॉलमधल्या बायका बाकावर बसून मोबाइलवर ते पान उघडत होत्या. कुणाला भाषा कळत नव्हती, कुणी चष्मा शोधत होतं. ताई उठली. "वाचत काय बसलात, माझ्या भावाने केलंय ते. हे वरचं बटण दाबा आणि मजा बघा." एकेकीच्या हातातला मोबाइल घेऊन तिने स्वतः दाबून दाखवलं. पान सरकलं, बायका हसल्या, एक म्हणाली, "अगं, पुन्हा कर ना." ताईला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं होतं. हॉलमधल्या झाडून सगळ्या बायकांची नावं त्या सुट्टीतच हिरवी झाली.

मधे कुठेतरी लिहिलेलं होतं की घड्या घालणारं यंत्र येणार, इस्त्रीचा हॉल बंद होणार, आणि ही अट पाहून ज्या आठवडाभरात हरकत घेणार नाहीत त्यांनी राजीखुशीने नोकरी सोडली असं धरलं जाईल. हरकत कोण घेणार? कुणाला पत्ताच नव्हता.

मग एका सकाळी ताईने फाटकाला कार्ड लावलं आणि फाटक उघडलं नाही. तिला वाटलं कार्ड खराब झालं. तिने पदराने पुसून परत लावलं. मागून आलेल्या बाईचंही उघडेना, तिच्या मागचीचंही. बघता बघता सगळ्या जणी रस्त्यावर जमल्या आणि पहारेवाल्याने आतून ती मधली अट वाचून दाखवली. वर्षानुवर्षं जिने ताईसमोर उभं राहून चादरीचं दुसरं टोक धरलं होतं, ती पुढे आली आणि म्हणाली, "वाचू नका म्हणालीस. भावाला हाताशी धरून आमचा गळा कापलास." ताई हातातलं कार्ड पुन्हा पदराने पुसत राहिली.

तरी आशा होती. बायकांनी वकीलबाई गाठली, कामगार कचेरीत सुनावणी लागली. मुद्दा सरळ होता. बायकांना ती अट वाचायला मिळालीच नाही एवढं ठरलं, की सगळ्यांना कामावर परत घ्यावं लागणार. आणि ते सांगायला बोलावलेला माणूस एकच होता, ज्याने पान बनवलं तो. साहेबांबरोबर मीही गेले होते. बाहेरच्या व्हरांड्यात ताईने त्याची कॉलर नीट केली. "घाबरू नकोस. जे आहे ते सांग," म्हणाली. बायका लांब भिंतीला टेकून उभ्या होत्या, पण त्यांच्या नजरा याच्यावरच होत्या.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "ही अट या बायकांच्या स्क्रीनवर दिसली होती का?"

"हो," लोणी म्हणाला. ते खरंच होतं.

मग वकीलबाई उठल्या. त्यांनी अगदी वाट मोकळी करून दिली. "बटण दाबल्यावर पान भरभर पळतं. अडखळत, धक्के खात पळतं. त्यात कुणाला काय वाचता येणार? तुम्हीच सांगा."

नाही येणार, एवढंच म्हणायचं होतं. मी मनात त्याच्या वतीने म्हणूनही टाकलं. पण लोणीचे कान लाल झाले. त्याला हॉल ऐकू आला नव्हता, बायका ऐकू आल्या नव्हत्या. त्याला फक्त अडखळत हा शब्द ऐकू आला.

"माझं पान अडखळत नाही," तो म्हणाला. "आणि पळतही नाही. वेग मी मुद्दाम कमी ठेवलाय, वय झालेल्या माणसालाही झेपेल असा. एक अक्षर फाटत नाही. प्रत्येक ओळ स्वच्छ दिसते."

कारखान्याचे वकील बसल्या जागेवरूनच म्हणाले, "म्हणजे वाचता येते?"

लोणीने साहेबांकडे बघितलं, मग ताईकडे. "लक्ष दिलं तर येते," म्हणाला.

मी उठले. मी ते पान तपासलंय, मला बोलायचंय, असं म्हणाले. साहेबांनी माझा हात ओढला आणि अधिकारी म्हणाले, तुम्हाला विचारलेलं नाही, खाली बसा. मग त्यांनी ताईला विचारलं, काही सांगायचंय का. ती उभी राहिली. हात नेहमीसारखे पुढे, चादरीची टोकं धरल्यासारखे. "माझ्या भावाचं काम चोख असतं," म्हणाली आणि बसली. बायका हरल्या. जाताना एकीनेही तिच्याकडे वळून बघितलं नाही.

साहेबांनी लोणीची पाठ थोपटली. कारखान्याने आणखी काम दिलं. तो आपल्या टेबलाशी परत मान तिरकी करून बसायला लागला, आणि मला कळेना की हा माणूस दगडाचा आहे की येडा आहे. त्याच्या डब्यात आता भाजी दोन दोन दिवस तीच असायची.

मी ताईला बघायला गेले. घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चादरी तिने कपाटातून काढल्या होत्या. घडी घालायची, मोडायची, परत घालायची. मला बघून ती म्हणाली, "आलीस का? जरा ते टोक धर. एकटीला कोपरे जुळत नाहीत." मी धरलं. आम्ही झटकली, घडी घातली, ती पुढे येऊन माझ्या हातातून टोकं घेऊन गेली.

तेवढ्यात लोणी आतून मोबाइल घेऊन आला. नवीन पान होतं, दुसऱ्या कुठल्यातरी कारखान्याचं. "ताई, हे बघ. यात थांबणं आणखी मऊ केलंय." ताईने चादर खाली ठेवली, मोबाइल हातात घेतला, बोट लावलं. पान सरकू लागलं. तिची नजर समोरच्या भिंतीवर होती, तिथे काहीच नव्हतं. पान तळाशी पोचेपर्यंत तिने मोबाइल तसाच धरून ठेवला आणि मग त्याला परत दिला.

"कसं वाटलं?" त्याने विचारलं.

"पाहिलं हो," ताई म्हणाली आणि पुढची चादर उचलली.

लोणी माझ्याकडे वळून हसला. "आवडलं तिला," म्हणाला.