डाव्या बाजूच्या रेघा

चौसाळ्याला हायवेला लागून आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. दिवसभर खिळे, पाइप आणि गिऱ्हाइकांची कटकट. यातून डोकं ताळ्यावर ठेवायला कोणी भजनाला बसतं, कोणी पत्ते कुटतं. मी गाड्यांना मशीनने पॉलिश करतो. धंदा म्हणून नाही, हौस म्हणून. घरची, मित्रांची, नातेवाइकांची गाडी असेल तर रविवारी दुकानामागच्या गोदामात घ्यायची आणि शटर अर्धं ओढून कामाला लागायचं. "वॉशिंग सेंटर टाक की बे" असा सल्ला देणाऱ्यांशी मी दिवसभर बोलत नाही.

कारण हे काम म्हणजे फडका मारणं नव्हे. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. आमच्याकडे सकाळी उठून कोरड्या फडक्याने गाडी पुसणारा माणूस व्यवस्थित समजला जातो. प्रत्यक्षात तो हायवेची धूळ आणि उसाच्या ट्रॅक्टरमागे उडालेली माती त्या फडक्याने रंगावर घासत असतो. मग उन्हात बघावं तर बॉनेटभर कोळ्याची जाळी. रंगावर एक पारदर्शक थर असतो, कागदाहून पातळ, आणि बहुतेक ओरखडे त्या थरातच असतात. मशीनला स्पंजचं पॅड लावायचं, त्यावर कंपाउंडचे, म्हणजे घासायच्या लेपाचे, चार थेंब टाकायचे आणि न दाबता सावकाश फिरवत राहायचं. लोकांना वाटतं ओरखडा भरून निघतो. भरत काही नाही. आजूबाजूचा सगळा थर ओरखड्याएवढा खाली आणला की ओरखडा दिसेनासा होतो, एवढंच. आणि गेलेला थर परत येत नाही. नख फिरवून बघायचं. जिथे नख अडकतं तो ओरखडा निघत नाही. हट्ट केला तर रंगच जळून जातो.

मी सांगतोय ती गाडी अक्काची. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, माजलगावला दिलेली. सासरी आडतीचं दुकान, मोठं घर, मोंढ्याच्या बाजारात वजन. लग्नात आमच्या वडिलांनी, अप्पांनी, गाडी दिली. अप्पा पांढरी म्हणत होते, दाजींना काळीच पाहिजे होती. काळ्या रंगावर सगळं दिसतं, हे मी तेव्हाच म्हटलं होतं. पण लग्नाच्या बैठकीत नवरीच्या धाकट्या भावाला कोण विचारतो?

गेल्या वर्षी अक्का माहेरी आली ती उजवा हात प्लास्टरमध्ये घेऊनच. बाथरूममध्ये घसरले, म्हणाली. पुढे प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पण परत जायचं ती नाव काढेना. कारणही सांगेना. आई विचारून थकली. "जमत न्हाई," एवढंच तिचं उत्तर. शेजारणी दळणाला जाता जाता आमच्या दारात रेंगाळायला लागल्या. मग दोन्हीकडची मोठी माणसं आमच्या ओसरीवर जमली. चहा झाला, पुन्हा चहा झाला. आमच्या भावकीत प्रत्येक बैठकीचा निकाल मोठे काका लावतात. त्यांनी ह्याही बैठकीचा लावला. "नवराबायकोत होतंच थोडंफार. सोमवारी कपिलधारला दर्शन घेऊन या, मंगळवारी पोरीला पाठवा." अक्काला कोणी बाहेर बोलावलंच नाही. ती आत त्यांचाच चहा गाळत होती.

निघताना दाजींनी मला बाजूला घेतलं. "तुझी ती मशीन मार की हिच्यावर. लई ओरखडे झालेत. चकाचक करून ठेव, मंगळवारी याच गाडीत घेऊन जातो तिला." चावी माझ्या हातावर ठेवून ते त्यांच्या मामांच्या जीपमध्ये बसले. ह्या माणसाला ओरखडे म्हणजे नुसते ओरखडे वाटत होते.

अप्पांना कल्पना आवडली. लेक चांगल्या गाडीतून गेलेली चारचौघांनी बघावी, असं त्यांचं म्हणणं. मला संताप येत होता, पण कोणावर काढावा ते कळत नव्हतं. म्हणून मी गाडी धुवायला घेतली.

दुपारी शटर ओढून गोदामात अंधार केला आणि बॉनेटवर तिरपा प्रकाश धरला. पहिल्यांदा दिसलं ते स्वस्तिक. गाडीच्या पूजेला आईने ओल्या कुंकवाने काढलेलं. देवाचं म्हणून कोणी पुसलं नाही आणि माजलगावच्या उन्हाने ते थरात मुरवलं. मशीनच्या दोन-तीन फेऱ्यांत ते गेलं. वाईट वाटलं, पण बॉनेट सुरेख निघालं. मग वरचा टप, मग उजवी बाजू. कितीही राग असला तरी हे काम करताना मला बरं वाटतं, तसं तेव्हाही वाटलं.

मग डावी बाजू घेतली.

हँडलच्या मागच्या खोबणीत नखांचे ओरखडे सगळ्याच गाड्यांना असतात. ते मी बघतही नाही. पण इथे हँडलपासून रेघा निघाल्या होत्या. पुढच्या दाराच्या हँडलपासून, एकमेकींना चिकटून, मागच्या दारावरून पार चाकापर्यंत. शेताच्या रस्त्याला बाभळी ओरखडतात त्या गाडीच्या नाकापासून, आणि सरळ. ह्या मधूनच सुरू झाल्या होत्या आणि जाता जाता खाली खाली उतरल्या होत्या. मी नख फिरवलं. बारीक रेघांवरून ते सरकून गेलं, मधल्या एका जाड रेघेत अडकलं.

मी प्रकाश वर-खाली करून पुन्हा बघितलं. मग उजव्या हाताने हँडल धरून गाडीशेजारी उभा राहिलो आणि हात सोडून मागे नेला. माझ्या हातात बांगड्या नाहीत, पाटली नाही. असत्या तर अशाच रेघा उठल्या असत्या. फक्त मी उभा होतो आणि गाडीही उभी होती. चालत्या गाडीला लोंबकळत माणूस खाली जाईल तेव्हाच त्या अशा उतरतील. मी तिथेच सिमेंटच्या पोत्यावर बसलो.

अक्का चहा घेऊन आली. मी नुसता प्रकाश त्या रेघांवर धरून ठेवला. ती बघत राहिली.

"निघतील का?" तिने विचारलं.

"बारीक निघतील. ही मधली न्हाई निघणार."

"मग बारीक तरी काढ."

"अक्का, कसं झालं हे?"

"तुला दिसायलंय की," ती म्हणाली आणि कप पोत्यावर ठेवून निघून गेली.

संध्याकाळी अप्पांना बोलावून आणलं. त्यांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं, रेघेवर बोट फिरवलं. "ओरखडा हाय," म्हणाले. "ओरखड्यावरून घर मोडायचं का?"

"तिला विचारा तुमी."

"तुझ्या मायनं विचारलं की. बोलत न्हाई तर मी काय करू?"

"मी ही बाजू करणार न्हाई, अप्पा."

"नको करू," ते म्हणाले. शटरपाशी वळून त्यांनी पुन्हा एकदा त्या रेघांकडे बघितलं. मग घरी जेवायला गेले.

सोमवारी सगळे कपिलधारला जाऊन आले. मी गेलो नाही. मंगळवारी सकाळी गाडी अंगणात काढून ठेवली. दाजी आले, त्यांचे वडील आले, मामा आले. 'शरणार्थ' म्हणत नमस्कार झाले, चहा झाला. मोठे काका तर आदल्या दिवसापासून मुक्कामालाच होते. घरात आईने अक्काची ओटी भरली, नव्या हिरव्या बांगड्या भरल्या. आई रडत होती आणि रडतानाच तिला नांदायच्या चार गोष्टी सांगत होती. अक्का बॅगेची चेन लावत होती. ही आता गाडीत बसणार आणि आम्ही सगळे हात हलवणार, हे मला दिसत होतं.

दाजी गाडीभोवती फिरले. उजवीकडून खूश होते. डावीकडे आले आणि थांबले. "ही बाजू कावून सोडली बे?"

"ह्या रेघा कशाच्या हायेत ते कळेना, दाजी. सांगा, लगेच काढतो."

"बाभळीच्या. शेताच्या वाटेला लई बाभळी हायेत."

"बाभळ हँडलपासनं कशी सुरू होईल?"

"ए, सोड की आता," मोठे काका ओसरीवरून ओरडले. "शुभवेळेला वाद कशाला घालतो?"

तेवढ्यात अक्का बाहेर आली. एका हातात बॅग, दुसऱ्या हाताने पदरातली ओटी सावरलेली. तिने बॅग पायरीवर ठेवली. सरळ गाडीकडे आली, दाजींना ओलांडून पुढे झाली आणि उजवा हात हँडलमध्ये घातला. मला वाटलं, बसते आहे.

तिने दार उघडलं नाही.

"ह्यांनी खाली उतर म्हणले," ती म्हणाली, कोणाकडेही न बघता. "उतरले. ह्यांनी दार आतून लावून घेतलं, गाडी काढली. मी हँडल सोडलं न्हाई."

मग ती रेघांवरून चालायला लागली. हात हँडलमधून सुटून मागच्या दारावर आला, नव्या बांगड्या काळ्या रंगावर खरखरल्या. रेघा उतरत गेल्या तशी ती वाकत गेली, आधी कमरेत, मग गुडघ्यात. पदर सुटला आणि ओटीतले तांदूळ मातीत सांडले. चाकापाशी ती खाली बसली. बांगड्या बरोबर त्या जाड रेघेच्या टोकाला टेकल्या होत्या.

"इथपर्यंत," ती म्हणाली.

"खोटं बोलायली ती!" दाजी म्हणाले. त्यांनी वडिलांकडे बघितलं, मामांकडे बघितलं. दोघांनी मान फिरवली. मोठे काका स्वतःच्या चपलांकडे बघत होते. आई दारात तोंडाला पदर लावून उभी होती.

अप्पा उठले. पायरीवरची बॅग उचलून आत गेले आणि रिकाम्या हाताने बाहेर आले. "गाडी घेऊन जावा तुमची," ते दाजींना म्हणाले. "पोरगी येत न्हाई." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मामांनी 'काय?' म्हणून विचारलं. अप्पांनी पुन्हा सांगितलं.

मी अक्काला उठवायला गेलो. ती उठेना. चाकापाशी बसल्या बसल्या ती मान वर करून हँडलकडे बघत होती, मग रेघांवरून नजर खाली आणत होती, मग पुन्हा वर.

"तवा लई लांब वाटलं होतं रे," ती म्हणाली. "हाय इतकंच."