एकशे ब्याऐंशी की दोनशे एक्याऐंशी

आईला दुपारचं इन्शुलिन टोचायचं काम माझ्याकडे आहे. सकाळचं आणि रात्रीचं बायको टोचते. मधल्या वेळात ती वालीवला कामावर असते आणि जूचंद्रच्या घरी आम्ही दोघंच असतो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, मी बावन्न. माझी नजर काचबिंदूनं नेली त्याला नऊ वर्षं झाली. आईला मोतीबिंदू काढल्यापासून स्वच्छ दिसतं, पण ती शाळेत एक दिवसही गेलेली नाही. तिला आकडे कळत नाहीत. म्हणजे घरात एकाला दिसतं आणि दुसऱ्याला वाचता येतं.

हे काम मी फोनच्या जोरावर करतो. फोन म्हणजे एक गुळगुळीत काच, हाताला एकही बटन लागत नाही. काचेवर बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते फोन बोलून सांगतो, आणि दोनदा टकटक केली की ते उघडतं. त्यातच कॅमेऱ्यासमोरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय आहे. साखर मोजायचं यंत्र मी टेबलावर ठेवतो, फोन त्याच्यावर एक वीत उंच धरतो, आणि तो आकडा बोलतो. डॉक्टरांनी तक्ता दिला आहे: दोनशेच्या आत सहा युनिट, दोनशे ते अडीचशे आठ, त्याच्या वर दहा. इन्शुलिनचं पेन फिरवलं की एका युनिटला एकदा टक वाजतं, ते मी मोजतो. अकरा महिने असं चाललं होतं, एकही चूक नव्हती. चूक नव्हती हे मी लोकांना सांगतही असे.

फोनला यंत्र सुलटं आहे की उलटं ते समजत नाही, म्हणून माझा एक नियम होता. रक्ताची पट्टी यंत्रातून जिथे बाहेर येते ती बाजू माझ्या पोटाकडे. जुन्या यंत्राची पट्टी खालून लागायची, त्यामुळे नियम कधी चुकला नाही. ते यंत्र बिघडलं आणि रविवारी संध्याकाळी बायकोनं नवीन आणलं. मी विचारलं, "काही वेगळं आहे का?"

"बटन जरा मोठं हाय. बाकी तेच," ती म्हणाली.

तिला दिसतं. पट्टी वरून लागते की खालून, हे सांगण्यासारखं आहे असं तिच्या मनातही आलं नसणार. मी तिला दोष देत नाही. यंत्र हातात घेऊन नीट चाचपायला मला दोन मिनिटं लागली असती, ती मी दिली नाहीत.

सोमवारी दुपारी मी आईच्या बोटाला सुई टोचली, पट्टीला रक्त लावलं, पट्टी पोटाकडे करून यंत्र ठेवलं आणि फोन वर धरला. फोन म्हणाला, "दोनशे एक्याऐंशी." खात्रीसाठी पुन्हा धरला. पुन्हा तेच.

"काय खाल्लंस सकाळी?" मी विचारलं.

"वारा खाल्ला," आई म्हणाली. "तुमी मना दुसरा काय देता?"

पेनचे दहा टक मोजले आणि बारा बेचाळीसला तिच्या पोटात टोचलं. मग ताट वाढलं. सुकट खारट झाली म्हणत तिनं अर्धीच भाकरी खाल्ली आणि भाताला हात लावला नाही.

जेवणानंतर मी आकडा फोनमध्ये टिपून ठेवतो. टिपण्याआधी तो यंत्राकडून पुन्हा एकदा ऐकायचा ही माझी सवय. पट्टी काढून टाकलेली होती, म्हणून या वेळी बटन दाबून आकडा परत आणला आणि यंत्र बटनावरून धरलं, जुन्यासारखं बटन खाली. फोन म्हणाला, "एकशे ब्याऐंशी."

मला वाटलं, फोननं चुकीचं वाचलं. पुन्हा धरला. एकशे ब्याऐंशी. यंत्र अर्धं वळवून ठेवलं. दोनशे एक्याऐंशी. परत सुलटं. एकशे ब्याऐंशी. मग मी यंत्राच्या कडेवरून बोट फिरवलं. पट्टीची खाच वरच्या अंगाला होती.

सहाच्या जागी दहा. चार युनिट जास्त, अंगानं काडी झालेल्या बाईला, आणि तीही अर्ध्या भाकरीवर. पेनमधून गेलेलं परत काढता येत नाही.

डॉक्टरांना फोन लावायला घेतला. एरवी चार सेकंदांत लागणारा नंबर त्या दिवशी लागेना. बोटं घामानं ओली झाली होती. ओलं बोट काचेवर अडकतं, नाहीतर एकाच्या जागी दोन घरं सरकतं, आणि दोनदा टकटक केली तर फोन ती एकदाच धरतो. मी त्याचा आवाज खूप जलद ठेवला आहे, ऐकणाऱ्याला नुसतं गुणगुणल्यासारखं वाटतं. नऊ वर्षांच्या सवयीनं मला ते समजतं. त्या दुपारी मला स्वतःलाच समजेना. शेवटी नाव बोलून शोधायचं ठरवलं. माइकचं चिन्ह सापडलं, मी तोंड उघडणार इतक्यात आई म्हणाली, "काय झाला रं? तोंड का असा केलास?" फोननं माझं सोडून तिचं वाक्य घेतलं आणि शांतपणे सांगितलं की या नावाचं कोणी सापडलं नाही.

"आई, गप्प बस!"

"आता मी काय केलंय?"

धोतराला बोटं पुसली. पुन्हा केलं. तिसऱ्या खेपेला घंटी वाजली.

डॉक्टरबाईंनी एकच विचारलं, "किती वाजता टोचलंत?"

"बारा बेचाळीस."

"आता एक अकरा. म्हणजे अजून जोर यायचाय. ऐका, त्यांना आत्ताच्या आत्ता भात खायला घाला. दर अर्ध्या तासानं मोजा, संध्याकाळी पाचपर्यंत. सत्तरच्या खाली गेली की साखरेचं पाणी द्यायचं आणि मला फोन करायचा. झोपू देऊ नका. बडबडायला लागल्या, घाम सुटला, तर थांबू नका, सरळ रिक्षात घाला. घरात दुसरं कोणी आहे?"

"आई आणि मी."

"आधी बायकोला बोलावून घ्या," त्या म्हणाल्या.

बायकोला कळवलं. ती निघाली, पण वालीवहून यायला तासाच्या वर लागणार. मी आईपुढे भाताचं ताट ठेवलं.

"नको म्हनले ना."

"खा. माझी चूक झाली. औषध जास्त गेलंय."

लपवायचं असं माझ्या मनात होतं, पण तोंडातून निघून गेलं. मग भात कालवल्याचा आवाज आला. "जास्त म्हंजे कवरा?"

"चार."

"बरा," ती म्हणाली आणि खाऊ लागली. चार म्हणजे किती, हे तिला ठाऊक नव्हतं. मला होतं.

पावणेदोनला मोजलं. फोन म्हणाला एकशे अठ्ठावीस. बटन खाली होतं, खाच वर होती, मी तीनदा चाचपलं होतं. तरी विश्वास बसेना. ज्या आवाजावर मी घराबाहेर पडतो, बँकेत जातो, रस्ता ओलांडतो, तो आता मला नुसताच आवाज वाटत होता. सव्वादोनला त्र्याऐंशी. अर्ध्या तासात पंचेचाळीस खाली. याच वेगानं गेली तर पावणेतीनला अडतीस. हा हिशेब मी केला नसता तर बरं झालं असतं.

मी तिला बोलतं ठेवलं. शेतात कुठे काय पिकत होतं ते विचारलं. ती सांगत होती आणि मी शब्दांतली अंतरं मोजत होतो. अडीचच्या सुमारास अंतरं वाढली. तिच्या कपाळाला हात लावला. ओलं होतं, पण माझा तळहातही ओला होता. घाम कोणाचा, ते मला सांगता आलं नाही.

वेळेची वाट न पाहता मोजलं. फोन म्हणाला, "सहासष्ट."

आणि मी थिजलो. सहासष्ट उलटं केलं की नव्व्याण्णव. आता उलटं धरलंय की सुलटं? बटन चाचपलं, पण घाबरलेल्या बोटांना खाच आणि बटन यांतला फरक कळेना. तेव्हा मला सुचलं की माझ्या शेजारी दोन चांगले डोळे बसले आहेत. अकरा महिन्यांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. आकडे येत नाहीत म्हणजे तिचा उपयोग नाही, असं मी आणि बायकोनं धरून टाकलं होतं.

"आई, मोठं बटन तुझ्याकडे कर. काचेत काय दिसतं? मला वाचून नको, कसं दिसतं ते सांग."

"दोन हायत. एकसारखी. शेपूट हाय नि पोट हाय."

"पोट वर की खाली?"

ती वेळ घेत होती. जीभ जड झाली होती.

"खाली. दोघींचा पोट खाली. गरवार बायांसारका."

सहासष्टच. मी साखरेचं पाणी तिच्या हातात दिलं, पेला माझ्याही हातात धरून ठेवला.

"वरीसभर मना साखर नाय दिलीस," ती घोट घेत म्हणाली. "आज देतंस. मरतंय का मी?"

"नाही," मी म्हणालो. मला माहीत नव्हतं.

डॉक्टरबाईंना सांगितलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, म्हणाल्या. तेव्हा एकोणऐंशी आले. आईनं सांगितलं, पहिला कोयत्यासारखा, दुसरा गरवार बाईच्या उलटा. मी फोन नंतर धरला. जुळलं. बायको आली तेव्हा एकशे चार होते, आणि आई तिला सांगत होती की सुकट खारट होती.

पाचपर्यंत मोजत राहिलो. नंतर गरज नव्हती तरी सहालाही मोजलं.

दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "दुपारचा मी राहते घरी." मी नको म्हटलं. ती कामावर गेली. दुपारी आईनं आकड्यांची चित्रं सांगितली, फोननं आकडा सांगितला, दोन्ही जुळले. एकशे चौसष्ट. सहा युनिट. पेन फिरवलं, सहा टक मोजले. मग वाटलं, पाच होते की सहा? शून्यावर आणून पुन्हा मोजले. पुन्हा तीच शंका. तीन वेळा झालं. सुई तिच्या पोटाला टेकली होती आणि अंगठा दाबत नव्हता.

"टोच ना," आई म्हणाली.

"थांब."

"भ्या वाटतं?"

"हो."

तिनं पदर नीट बाजूला धरला आणि माझं मनगट पकडलं. ओढलं नाही, ढकललं नाही, नुसतं धरून ठेवलं. मी चौथ्यांदा मोजलं, या वेळी मोठ्यानं. तीही माझ्यामागून म्हणत गेली. तिला सहापर्यंत मोजता येतं, हेही मला तेव्हा कळलं. मग मी दाबलं.